साठीनंतरचं वजन: काटा, टेप आणि खुर्ची घेऊन घरच्या घरी तपासणी

ज्यांची साठी नुकतीच उलटली आहे किंवा ज्यांच्या घरात सत्तरी-ऐंशीचे आईवडील, सासूसासरे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सांगलीत आमच्या घरात दोन्ही टोकं एकाच वेळी होती. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही सगळे आत्या म्हणतो, त्यांचं अंग उतरत चाललं होतं. आणि मिस्टरांचं निवृत्तीनंतर पोट सुटलं होतं, पाय मात्र बारीक होत होते. भेटायला येणारे दोघांनाही एकच सांगायचे, "या वयात वजन कमीच बरं." आत्यांसाठी तो सल्ला धोक्याचा होता आणि मिस्टरांसाठी अर्धवट.

डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट यांच्याकडे जाता-येता जे कळत गेलं ते क्रमाने मांडते. त्यामागचं कारण मात्र आधीच सांगते. तिशीनंतर माणसाच्या अंगातले स्नायू दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. त्यांची जागा चरबी घेते, तीही हातापायांवर कमी आणि पोटात जास्त. त्यामुळे काट्यावर वीस वर्षं तेच ६५ किलो दिसले तरी आतलं शरीर बदललेलं असतं. खुर्चीतून उठणं, जिना चढणं, पाय घसरल्यावर सावरणं, दुखण्यातून लवकर उभं राहणं, हे सगळं स्नायूंच्या जोरावर चालतं. म्हणून या वयात तीन गोष्टींवर नजर ठेवायची: स्नायू किती उरलेत, पोटाचा घेर किती आहे, आणि वजन आपोआप तर उतरत नाही ना.

सुरुवातीला काय जवळ ठेवायचं

- डिजिटल वजनकाटा. महागडा लागत नाही, पण दरवेळी तोच हवा.
- शिवणकामाची टेप. फार जुनी कापडी टेप ताणून लांबलेली असते. शाळेच्या फूटपट्टीला लावून एकदा ताडून बघा.
- हात नसलेली, पक्क्या पायांची खुर्ची. प्लास्टिकची नको, ती वाकते आणि फरशीवर सरकते.
- सेकंद दाखवणारं घड्याळ किंवा मोबाईल.
- एक वही, फक्त याच कामासाठी.
- जुने आकडे असलेले कागद: दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, विम्याच्या वैद्यकीय तपासणीचा कागद, जुने केसपेपर. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांच्या सेवापुस्तकात पहिल्याच पानावर उंची लिहिलेली असते. ती प्रत शोधून काढा, पुढे लागेल.
- चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या. नुसती नावं लिहून भागत नाही, गोळीची ताकद वेगळी निघते. आयुर्वेदिक चूर्ण, काढे, शेजाऱ्यांनी दिलेल्या पुड्या हेही त्याच पिशवीत टाका.
- दवाखान्यासाठी आधार कार्ड, आणि वय ७० पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण यातून मिळतं. मात्र ते दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. बाहेरच्या बाहेर दाखवायला गेलात तर त्याचा उपयोग नाही, आणि या गैरसमजाने खूप लोक काउंटरवर वाद घालताना मी पाहिले आहेत.

१. वजनाच्या आधी उंची मोजा

बहुतेकजण ही पायरी गाळतात आणि तरुणपणीची उंची सांगून मोकळे होतात. पण वय वाढतं तशी उंची कमी होते: मणक्यांमधल्या चकत्या बसतात, पाठीला बाक येतो, काहींचे मणके न कळत दबतात.

अनवाणी, टाचा, कुल्ले आणि खांदे भिंतीला टेकवून उभं करा. नजर समोर. डोक्यावर पुठ्ठ्याची वही आडवी धरून भिंतीवर पेन्सिलीची खूण करा आणि जमिनीपासून मोजा. हा आकडा जुन्या उंचीशी ताडून बघा. जुन्यापेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त घट असेल, किंवा गेल्या वर्ष-दोन वर्षांतच २ सेंटिमीटर कमी झाली असेल, तर हाडं ठिसूळ होऊन मणका दबला आहे का हे डॉक्टरांना विचारायलाच हवं. दुखलं नाही म्हणजे मणका दबला नाही, असं समजू नका.

उंचीचा वजनाशी संबंध असा. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती आहे हे सांगणारा आकडा. तो काढताना किलोतलं वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागतात. ६० किलो वजन आणि १६० सेंटिमीटर उंची असेल तर बीएमआय येतो २३.४. तीच व्यक्ती वाकून १५५ सेंटिमीटरची झाली की तोच आकडा २५ होतो, आणि आपल्याकडच्या तक्त्यात २५ ला लठ्ठपणा लिहिलेला असतो. एक ग्रॅमही वाढलेला नसताना माणूस लठ्ठ ठरतो. म्हणून पाठीत बाक असेल तर बीएमआयवर फार विसंबू नका, किंवा तो जुन्या उंचीवरून काढा. जुनी उंची कुठेच सापडत नसेल तर दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत मोजा. तरुणपणीच्या उंचीचा साधारण अंदाज त्यातून येतो.

२. वजन

सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत. काटा फरशीवर ठेवा. सतरंजीवर, गादीवर किंवा शेणाने सारवलेल्या जमिनीवर आकडा बदलतो. तोल जाणाऱ्या माणसाला काट्यावर एकटं चढवू नका. काटा भिंतीजवळ ठेवून कुणीतरी मागे उभं राहायचं, पण आकडा वाचताना आधार सोडायचा.

निरोगी माणसाने महिन्यातून दोनदा वजन घेतलं तरी पुरे. रोज घेतल्याने नुसती धास्ती वाढते. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांचं मात्र वेगळं आहे. त्यांनी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज घ्यावं, कारण दोन-तीन दिवसांत २ किलो वाढले तर ती चरबी नसते, अंगात पाणी साठलेलं असतं, आणि त्याच दिवशी फोन करावा लागतो.

घरात काटा नसला तरी अंग उतरल्याच्या खुणा दिसतातच. बांगड्या कोपराकडे सरकतात, अंगठीला दोरा गुंडाळावा लागतो, परकराची नाडी पहिल्यापेक्षा लांब उरते, कवळी सैल होऊन बोलताना हलते. आत्यांचे पाटल्या-बिल्वर सैल झालेले आमच्या मोलकरणीच्या सर्वांत आधी लक्षात आलं.

३. कंबरेचा घेर

पुरुष ज्या मापाची पँट घालतात ते कंबरेचं माप नसतं. पोट सुटलेला माणूस पट्टा पोटाखाली बांधतो, त्यामुळे वर्षानुवर्षं "माझी चौतीसच आहे" असं म्हणत राहतो. बायकांचंही तेच, नाडी खाली सरकत जाते.

बरगडीचं शेवटचं हाड आणि कमरेचं वरचं हाड बोटांनी चाचपा. दोन्हीच्या बरोबर मध्ये, उघड्या त्वचेवर टेप लावा. टेप सगळीकडून जमिनीला समांतर हवी; आरशात बघा किंवा दुसऱ्याला बघायला सांगा. श्वास सहज सोडून झाल्यावर आकडा वाचा, पोट आत ओढायचं नाही.

आपल्याकडच्या लोकांसाठी मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरतात, म्हणजे इंचांत साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. पुरुषांचा आकडा युरोपियन लोकांच्या मर्यादेपेक्षा कमी आहे, कारण तेवढ्याच वजनात आपल्या पोटात चरबी जास्त असते आणि मधुमेह, हृदयविकार लवकर गाठतात. आकडे लक्षात राहत नसतील तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी एवढं धरा.

इथे एक गोष्ट सावकाश वाचा. पाठीला बाक आलेल्या आजी-आजोबांचं पोट पुढे आलेलं दिसतं. बरगड्या कमरेच्या हाडावर टेकायला येतात, आतल्या आतड्यांना जागा उरत नाही, म्हणून पोट पुढे ढकललं जातं. अंगावर चरबी नसतानाही असं होतं. आत्यांचं तसंच होतं, आणि "पोट वाढलंय, रात्रीचं जेवण बंद करा" असं त्यांना सांगणारे कमी नव्हते. अशा माणसाची कंबर मोजून काही कळत नाही. त्यांच्यासाठी पुढच्या दोन पायऱ्या जास्त महत्त्वाच्या.

४. पोटरीचा घेर

खुर्चीवर बसवा, पाऊल जमिनीवर सपाट, गुडघा काटकोनात. पोटरीचा सगळ्यांत भरलेला भाग शोधून तिथे टेप हलकेच लावा, आवळू नका. आशियाई लोकांसाठी तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलेले आकडे आहेत: पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर स्नायू घटल्याची शंका घ्यावी.

टेप नसेल तर दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून कडं करा आणि स्वतःच्या पोटरीच्या जाड भागाभोवती धरा. बोटं जुळत नसतील तर चांगलं. पोटरी आत बसून वर जागा उरत असेल तर लक्ष द्यायला हवं.

पायांना सूज असेल तर हे माप फसवं. नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून धरा. खड्डा पडून राहिला तर ती सूज आहे. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ अ‍ॅम्लोडिपिनने, पाय सुजतात. ते डॉक्टरांच्या कानावर घाला, गोळी मनाने बंद करू नका.

५. खुर्चीची परीक्षा

सगळ्या मोजमापांत मला ही जास्त खरी वाटते, कारण स्नायूंचा आकार कितीही असो, ताकद किती आहे ते ही सांगते. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी. पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, असं पाच वेळा, जमेल तितक्या लवकर. पाचव्यांदा उभं राहिलं की घड्याळ थांबवा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी आहे. हाताचा आधार घेतल्याशिवाय एकदाही उठता येत नसेल तर सेकंद मोजायची गरजच नाही, ते उत्तर पुरेसं आहे.

सोबत चालण्याचा वेगही बघा. अंगणात किंवा गच्चीवर ६ मीटर मोजून खुणा करा आणि नेहमीच्या चालीने चालायला सांगा. सहा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंदावली आहे. गुडघेदुखी असेल तर दोन्ही परीक्षांचे आकडे बिघडतात, ते वहीत शेजारी लिहून ठेवा.

६. आकडे एकत्र वाचा

आता वहीत हे सगळे आकडे आहेत. एकेकटा कुठलाच पुरा नाही.

बीएमआय २३ च्या वर गेला की आपल्याकडे वजन जास्त धरतात, पण हा तक्ता सगळ्या प्रौढांसाठी आहे. साठी-पासष्टीनंतर थोडं जास्त वजन असलेले लोक बारीक लोकांपेक्षा कमी धोक्यात असतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे, कारण आजारपणात अंगातली शिल्लक कामी येते. त्यामुळे ७२ वर्षांच्या, टुणटुणीत चालणाऱ्या, कंबर आटोक्यात असलेल्या माणसाचा बीएमआय २४-२५ असेल तर त्याला बारीक करायच्या मागे लागू नका. उलट सत्तरीपुढे बीएमआय २० च्या खाली असेल तर तो कुपोषणाचा इशारा समजतात.

कंबर मोठी, पण पोटऱ्या भरलेल्या आणि खुर्चीतून झटकन उठता येतं: अशांनी सावकाश कंबर कमी करावी. दहावी पायरी बघा.

कंबर मोठी, पोटऱ्या बारीक, उठायला वेळ: हा प्रकार निवृत्त पुरुषांमध्ये फार दिसतो आणि तोच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो, कारण काटा काहीच वावगं दाखवत नाही. यांनी नुसतं जेवण कमी केलं तर चरबीबरोबर उरलेले स्नायूही जातात. आधी ताकद आणि प्रथिनं, वजनाचं नंतर.

सगळंच कमी होत चाललंय: पुढची पायरी आजच.

७. वजन आपोआप उतरत असेल तर आधी डॉक्टर, मग खुराक

प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५ टक्के वजन घटलं तर ते वयामुळे असं म्हणून सोडायचं नाही. हिशेब सोपा आहे: ५५ किलोची व्यक्ती ५२ वर आली की ५ टक्क्यांची रेषा ओलांडली. "म्हातारपणी माणूस वाळतोच" हे वाक्य मी घरोघर ऐकलं आहे, आणि त्या वाक्याने कितीतरी आजार उशिरा सापडतात.

कारणं पुष्कळ असतात आणि त्यातली बरीच बरी होणारी असतात. दात पडणं किंवा कवळी टोचणं. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागणं. आटोक्यात नसलेला मधुमेह. क्षयरोग, म्हाताऱ्यांत खोकला, ताप फारसा नसतानाही तो असू शकतो, आणि सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी व औषधं मोफत मिळतात. पोटाचे आजार, कर्करोग. विसरभोळेपणा वाढून जेवलो की नाही हेच न आठवणं. जोडीदार गेल्यानंतरचं नैराश्य. मेटफॉर्मिनसारख्या औषधांनी भूक मंदावणं.

दाखवायला कुठे जायचं? तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा, ते माणसाला ओळखतात. सरकारी सेवा हवी असेल तर गावातलं आयुष्मान आरोग्य मंदिर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे बीपी, साखर तपासून होते. पुढच्या तपासण्यांसाठी सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. केसपेपर काढताना ज्येष्ठ नागरिकांची वेगळी रांग आहे का ते विचारा, आणि आधार कार्ड हातात ठेवा. जत, आटपाडीकडून येणार असाल तर पहिली गाडी पकडा. रक्त उपाशीपोटी द्यायचं असेल तर मधुमेही माणसाला किती वेळ उपाशी ठेवायचं हे आधी विचारून घ्या आणि डब्यात खायला घेऊन निघा.

डॉक्टरांसमोर वेळ कमी असतो. "भूक लागत नाही" एवढंच सांगू नका. वहीतला आकडा सांगा: "जानेवारीत ५५ होते, आता ५२ आहेत, खुर्चीतून उठायला १७ सेकंद लागतात." औषधांची पिशवी टेबलावर ठेवा आणि विचारा की यातल्या कुठल्या गोळीने भूक मरते का, पाय सुजतात का. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, किडनी, बी-१२, छातीचा एक्स-रे यांपैकी काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. किडनीचा आकडा मात्र नीट लिहून घ्या, कारण प्रथिनं किती खायची ते त्यावर अवलंबून आहे.

गुडघेदुखीवरच्या पुड्यांबद्दल कळकळीने सांगते. बिननावाच्या, दोन दिवसांत दुखणं पळवणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. त्याने चेहरा गोल होतो, पोट वाढतं, हातपाय काटकुळे होतात, साखर चढते आणि हाडं पोकळ होतात. बाहेरून माणूस "सुधारलेला" दिसतो. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. डॉक्टरांना खरं सांगून त्यांच्या देखरेखीखालीच सोडवा.

८. ताटात काय हवं

प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं हा आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा आकडा आहे. म्हाताऱ्या माणसाचे स्नायू मिळालेली प्रथिनं तितक्या सहज वापरत नाहीत, म्हणून तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. ५५ किलोच्या माणसाला साधारण ५५ ते ६५ ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

आपल्या नेहमीच्या जेवणात हे बसतं, फक्त वाटणी चुकते. सकाळी चहा-खारी, दुपारी भाकरीबरोबर पातळ आमटी, रात्री "हलकं" म्हणून नुसता दूधभात. दिवसभरात वीस-पंचवीस ग्रॅमवर गाडी अडते. ढोबळ हिशेब असा: एक अंडं ६ ग्रॅम, कपभर दूध ६, ज्वारीची एक भाकरी ५-६, वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ ६-७, मूठभर शेंगदाणे ७, पन्नास ग्रॅम पनीर ९. सकाळी दोन अंडी किंवा दूध आणि मुगाचं धिरडं, दुपारी भाकरी, उसळ आणि दही, चार वाजता दाणे-फुटाणे किंवा ताक, रात्री पोळी, घट्ट डाळ आणि थोडं पनीर, की आकडा साठच्या आसपास जातो. तिन्ही वेळांना थोडी थोडी प्रथिनं हवीत, एकाच जेवणात सगळी नकोत.

चावता येत नसेल तर आपल्याकडे जुने पदार्थ आहेत आणि ते परत ताटात आणावेत असं मला मनापासून वाटतं. हुलग्याचं माडगं, मुगाचं कढण, ताकातल्या ज्वारीच्या कण्या, दुप्पट डाळ घातलेली मऊ खिचडी, पिठलं, अंडाभुर्जी. सामिष खाणाऱ्यांना खिमा किंवा मऊ शिजवलेलं चिकन अळणी रश्श्यात कालवून द्या. नुसता रस्सा पाजून ताकद येत नाही, मांस पोटात जायला हवं. नाचणीची आंबील दुधात केली तर कॅल्शियम दोन्हीकडून मिळतं. आत्यांना आम्ही माडग्यात तुपाचा चमचा आणि दुधात दूध पावडर घालायला लागलो, म्हणजे तेवढ्याच घासात जास्त पोटात जाई. आणि त्या जेवताना शेजारी बसायला लागलो. एकटं माणूस चार घासांत उठतं, सोबतीने बसलं की भाकरी संपते. खर्चाशिवायचा एवढा गुणकारी उपाय मला दुसरा सापडला नाही.

उपवासांकडे जरा बघा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. आठवड्यातले दोन-तीन उपवास म्हणजे तेवढे दिवस स्नायूंना काही मिळत नाही. श्रद्धा मोडायला सांगत नाही. उपवासाला वरी, दाण्याची आमटी, दूध, दही चालतं, ते भरपूर ठेवा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासाच्या दिवशी डोस काय ठेवायचा ते आधीच विचारा.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर, लोणची-पापड-चटण्या धरून. संध्याकाळची ताटभर भडंग आपल्या सांगलीकरांच्या जिवाची आहे, पण तीत तेल आणि मीठ भरपूर. मिस्टरांसाठी मी ती वाटीभर ठेवली आणि वर कांदा, टोमॅटो, फुटाणे घातले. तासगावचे बेदाणे बारीक झालेल्यांना दुधाबरोबर चांगले, मधुमेह्यांनी मोजून.

९. ताकद वाढवायचा क्रम

चालणं चांगलं, पण केवळ चालून स्नायू परत येत नाहीत. आठवड्याला १५० मिनिटं चालणं, त्याशिवाय निदान दोन-तीन दिवस ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जिम लागत नाही:

- खुर्चीतून उठबस. सुरुवातीला हाताचा आधार घेऊन पाच वेळा, मग आधाराशिवाय, मग दहा.
- स्वयंपाकघरातला ओटा धरून टाचा उचलणं. पोटऱ्यांसाठी.
- भिंतीला हात टेकवून उभ्याने जोर.
- लिटरभर पाण्याची बाटली प्रत्येक हातात घेऊन कोपरातून उचलणं.
- ओट्याजवळच एका पायावर उभं राहणं. कुणीतरी जवळ असू द्या.

प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, दोन फेऱ्या, एक दिवसाआड. श्वास रोखू नका. मोठ्याने आकडे म्हणत केलं की श्वास आपोआप चालू राहतो. दहा वेळा सहज जमायला लागलं की थोडं अवघड करा, नाहीतर स्नायू आहे तिथेच राहतात. छातीत दुखलं, चक्कर आली, धाप बसेना, तर थांबा आणि दाखवा.

हाडं ठिसूळ असलेल्यांनी पुढे जोरात वाकणं आणि कमरेतून पिळणं टाळायचं. पश्चिमोत्तानासन, झटके देत पायाची बोटं धरणं, यांनी दबलेला मणका आणखी दबतो. योगवर्गाच्या सरांना हे आधी सांगा.

चालायला सांगलीतली आमराई बाग चांगली, सावली आहे, बसायलाही जागा आहे. कृष्णेच्या घाटावर पूर ओसरल्यानंतर पायऱ्यांवर गाळ आणि शेवाळ असतं. तिथे तेव्हा ज्येष्ठांनी जाऊच नये, खुब्याचं एक हाड मोडलं की वर्षभराची मेहनत वाया जाते. एप्रिल-मेमध्ये आठच्या आत घरी परत या. काठी, वॉकर, गुडघ्याचा पट्टा घ्यायची वेळ आली असेल तर लाजू नका. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत त्यासाठी एकवेळचे ३,००० रुपये आहेत.

१०. पोट कमी करायचं असेल तर

एकदम दहा किलोचं ध्येय नको. वजनाच्या ५ टक्के कमी झाले तरी साखर, बीपी, गुडघे यांना फरक पडतो. आठवड्याला पाव ते अर्धा किलो हा वेग पुरे. डाळ, दूध, अंडी यांना हात लावायचा नाही. साखर, तळण, दुसऱ्यांदा वाढलेला भात, बेकरीचे पदार्थ इथून कमी करा. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे दिवसाला दीडशे कॅलरी होतात. आणि नवव्या पायरीतले व्यायाम चालू नसतील तर वजन कमी करायला सुरुवातच करू नका.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगायचं, नाहीतर साखर घसरून पडायची वेळ येते. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं चरबीबरोबर स्नायूही घटवतात. या वयात ती केवळ तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि ताकदीच्या व्यायामासोबतच. घाम काढणारे पट्टे, डब्यातले शेक, "महिन्यात दहा किलो" अशा जाहिराती यांवर पैसे घालवू नका.

मिस्टरांच्या बाबतीत काटा फारसा हलला नाही. पट्ट्याला मात्र आतलं भोक लागलं आणि ते जिना कठडा न धरता चढायला लागले.

११. पुढे किती वेळा मोजायचं

वजन महिन्यातून दोनदा, कंबर आणि पोटरी दोन-तीन महिन्यांनी, खुर्चीची परीक्षा महिन्याला, उंची वर्षातून एकदा. दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर हे सगळं पुन्हा एकदा, कारण आठवडाभर अंथरुणात पडूनही स्नायू झपाट्याने जातात आणि तेव्हाच घरचे "आराम करा" म्हणत राहतात.

वाट न बघता दाखवायचं ते असं: सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त घट, गिळताना अडकणं, शौचातून रक्त किंवा काळी शी, दोन आठवड्यांपुढे टिकणारा खोकला किंवा ताप, अचानक सुजलेले पाय आणि धाप, पडल्यानंतर किंवा काही न होता सुरू झालेली पाठदुखी.

एकटे राहत असाल आणि दवाखाना, योजना किंवा मदत यांची चौकशी कुणाकडे करायची कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकावर सकाळी ८ ते रात्री ८ मोफत चालू असते, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.